पारेषण वाहिनीवर आधी कोणाची वीज? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, रांजणगाव, हिंजवडी या भागांतील जे उद्योग महावितरणच्या जोडीने बाहेरूनही वीज घेतात किंवा घेऊ पाहतात, त्यांच्याकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. घरगुती ग्राहकांना पडणारे दोन प्रश्नही त्यांत घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते: आमची मागणी मोठी आहे, बिल कधी थकत नाही, तेव्हा अडचणीच्या दिवशी आमची वीज आधी यायला हवी. पारेषणात, म्हणजे उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून वीज दूरवर नेण्याच्या व्यवस्थेत, क्रम असा लागत नाही. ग्राहकाने वाहिनीवरचा कोणता हक्क, किती मुदतीचा आणि केव्हा घेतला आहे, यावर तो लागतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी कोणाची वीज कापली जाईल, हे पुष्कळ अंशी कित्येक महिने आधी ठरून गेलेले असते.

पारेषण सेवा आणि वीजपुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय. वीज विकत घेणे हा एक व्यवहार आहे, आणि ती वीज उत्पादन केंद्रापासून आपल्या उपकेंद्रापर्यंत दुसऱ्याच्या तारांवरून आणणे हा दुसरा. पूर्वी महाराष्ट्रात दोन्ही कामे विद्युत मंडळच करीत असे आणि बिलही एकच येई, त्यामुळे हा फरक कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. विद्युत अधिनियम, २००३ ने ही कामे वेगळी केली, आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. लोणीकंद आणि चाकण येथील ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) उपकेंद्रांसारखी अतिउच्चदाबाची यंत्रणा महापारेषणकडे आहे. त्याखालचे फीडर, रोहित्रे आणि घरोघरचे मीटर महावितरणकडे.

राज्य पारेषण यंत्रणेने, म्हणजे आपल्याकडे महापारेषणने, विजेचा व्यापार करू नये, असे अधिनियमाच्या ३९व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. तारांचा धनी स्वतःच वीज विकू लागला, तर परक्याच्या विजेला वाट देताना तो हात आखडता घेईल, ही त्यामागची भीती आहे, आणि ती रास्त आहे.

कायदा ‘भेदभावरहित मुक्त प्रवेश’ देतो. मग प्राधान्यक्रम हाच भेदभाव नव्हे का?

मुक्त प्रवेश म्हणजे दुसऱ्याच्या तारांवरून आपली वीज नेण्याची मुभा. तिच्यात भेदभाव नाही याचा अर्थ क्रम नाही असा होत नाही. एकाच प्रकारचा हक्क घेतलेल्या दोन ग्राहकांना एकच नियम, एकच दर आणि एकच वागणूक, एवढेच कायद्याला अभिप्रेत आहे. डेक्कन क्वीनला पासधारकांचा स्वतंत्र डबा असतो म्हणून आयत्या वेळी तिकीट काढणाऱ्यावर रेल्वेने अन्याय केला असे कोणी म्हणत नाही. पास काढण्याची मुभा त्यालाही असते. पास मात्र फक्त ओळखीच्यांनाच मिळू लागला, तर तो भेदभाव होय. वितरण कंपनी, खासगी उत्पादक, स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणारा कारखाना, या सर्वांना त्याच अटींवर अर्ज करता यायला हवा आणि अर्जांचा निकाल त्याच निकषांवर लागायला हवा.

एक बारकावा येथेच सांगितलेला बरा. स्ववापरासाठी म्हणजे कॅप्टिव्ह वीज प्रकल्प उभारणाऱ्याला आपली वीज आपल्या कारखान्यापर्यंत नेण्यासाठी मुक्त प्रवेशाचा हक्क ९व्या कलमाने दिला आहे. परंतु त्याच कलमात ‘पुरेशी पारेषण सुविधा उपलब्ध असल्यास’ ही अटही आहे. प्रकल्पविक्रेत्यांच्या सादरीकरणांत पहिला भाग ठळक अक्षरांत असतो आणि दुसरा बहुधा नसतोच.

वाहिनीवर किती जागा शिल्लक आहे, हे कसे ठरते?

तारेची क्षमता म्हणजे तिच्यावरून किती वीज जाऊ शकते एवढेच नव्हे, तर शेजारची तार अचानक बंद पडली तर उरलेल्या तारा किती भार पेलू शकतील, हेही त्यात मोजावे लागते. कोणताही एक घटक, मग ती वाहिनी असो वा रोहित्र, निकामी झाला तरी बाकीची यंत्रणा सुरक्षित राहिली पाहिजे, या निकषावर दोन प्रदेशांमधील एकूण वहनक्षमता काढली जाते. अंदाज चुकू शकतात म्हणून तिच्यातून काही भाग राखून ठेवतात, आणि उरते ती व्यवहारांसाठी उपलब्ध क्षमता. म्हणूनच वाहिनी निम्मी रिकामी दिसत असताना ‘जागा नाही’ असे उत्तर येऊ शकते. ते टाळाटाळीचेच असते असे समजू नये.

दुसरी अडचण विजेच्या स्वभावाची आहे. चंद्रपूरची वीज चाकणच्या कारखान्याने विकत घेतली, तर ती कागदावर दाखवलेल्या एकाच वाटेने येत नाही; ज्या वाटांना विरोध कमी, त्या सगळ्या वाटांनी ती आपसूक विभागून येते. त्यामुळे एका ग्राहकाच्या व्यवहाराचा भार ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा वाहिन्यांवरही पडतो. महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष जाणवते, कारण कोळशावरची मोठी केंद्रे चंद्रपूर आणि कोराडी अशी पूर्वेला, आणि मोठी मागणी मुंबई, ठाणे, पुणे अशी पश्चिमेला. एवढ्याचसाठी चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी टाकावी लागली. पश्चिमेकडे कोयनेची १,९६० मेगावॅटची जलविद्युत हाताशी आहे, पण तिचे पाणी मोजके असल्याने ती मुख्यतः मागणीच्या शिखरावेळी वापरायची असते.

जागा नसण्याचा परिणाम दरांवर कसा होतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. दक्षिणेकडील राज्यांची ग्रिड देशाच्या उरलेल्या ग्रिडला एकाच वारंवारतेने जोडली गेली ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. त्याआधी, आणि त्यानंतरही काही वर्षे, उत्तरेकडे वीज शिल्लक असताना दक्षिणेत ती महाग मिळत असे, कारण मधला कॉरिडॉर, म्हणजे दोन भागांना जोडणाऱ्या वाहिन्यांची वाट, अरुंद होता.

रांगेत कोण कोठे उभे असते?

आंतरराज्य पारेषणासाठी केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २००८ आणि २००९ मध्ये केलेल्या विनियमांनी तीन वर्ग पाडले होते. दीर्घ मुदतीचा प्रवेश १२ ते २५ वर्षांचा असे. मध्यम मुदतीचा ३ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतचा होता, आणि ही वरची मर्यादा पुढे वाढवण्यात आली. अल्प मुदतीचा एका वेळी जास्तीत जास्त एका महिन्याचा असे. प्रवेश देताना दीर्घ मुदतीवाल्याचा विचार आधी आणि अल्प मुदतीवाल्याचा शेवटी. कपात करताना नेमका उलटा क्रम. अल्प मुदतीच्या वर्गातही पोटक्रम होता: थेट खरेदीदार–विक्रेत्यांमधले द्विपक्षीय व्यवहार आधी कापायचे, वीज एक्सचेंजवरचे, म्हणजे बोली लावून वीज विकल्या जाणाऱ्या बाजारातले, सामूहिक व्यवहार त्यानंतर.

या रचनेतला फरक केवळ मुदतीचा नव्हता. दीर्घ मुदतीच्या अर्जासाठी गरज पडल्यास नवी वाहिनी बांधली जाई. मध्यम आणि अल्प मुदतीच्या अर्जांसाठी नवीन काहीही बांधले जात नसे. आहे त्यातले उरले, तर मिळे.

ऑक्टोबर २०२३ पासून काय बदलले?

२०२२ मध्ये अधिसूचित झालेले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्णपणे अमलात आलेले ‘सर्वसाधारण नेटवर्क प्रवेश’ विनियम आता लागू आहेत. बोलण्यात सगळे त्याला ‘जीएनए’च म्हणतात. जुन्या पद्धतीत दीर्घ मुदतीचा हक्क मागताना वीज कोठून घेणार आणि कोठे नेणार हे सांगावे लागे, आणि उत्पादकाशी केलेला करार मोडला की वाहिनीच्या हक्काचे काय करायचे, असा पेच पडे. नव्या पद्धतीत राज्य, वितरण कंपनी किंवा मोठा ग्राहक आंतरराज्य ग्रिडमधून किती मेगावॅट घेणार, एवढाच हक्क घेतो. त्या मर्यादेत वीज छत्तीसगडची घ्यायची, राजस्थानची घ्यायची की एक्सचेंजवरून, हे तो रोजच्या रोज ठरवू शकतो.

तीन वर्गांच्या जागी आता दोन उरले. एक जीएनए, दुसरा तात्पुरता म्हणजे टी-जीएनए, जो १५ मिनिटांच्या एका टाइम ब्लॉकपासून ११ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. कॉरिडॉर अपुरा पडला तर टी-जीएनए आधी कापला जातो आणि जीएनएला त्यानंतर हात लागतो. जुना मधला वर्ग नाहीसा झाल्याने, पूर्वी मध्यम मुदतीच्या हक्कावर निर्धास्त असलेल्या खरेदीदारांना आता दोहोंपैकी एका बाजूला जावे लागते. सुटसुटीतपणा आला हे खरे; पण ज्याची गरज तीन-चार वर्षांपुरतीच आहे, त्याची या रचनेत थोडी कुचंबणा झाली आहे, असे आमचे मत आहे.

तात्पुरत्या हक्कासाठीही आम्ही पूर्ण दर मोजतो. मग कपातीत पहिला क्रमांक आमचाच का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक वेळा येतो, आणि बहुधा कपात झालेल्या दिवशीच येतो.

दीर्घ हक्क घेणारा प्रत्यक्षात वीज किती नेली याचा हिशेब न पाहता महिन्यामागून महिने पारेषण आकार भरतो. त्याचा कारखाना टाळेबंदीत असो वा त्याची मागणी पावसाळ्यात निम्म्यावर येवो, देयक चुकत नाही. त्याच्या मागणीचा आकडा हाती असल्यामुळेच नवी वाहिनी, नवे रोहित्र यांचे नियोजन होते आणि त्यासाठी कर्ज उभे राहते. तात्पुरता ग्राहक मात्र जेवढ्या काळाचा हक्क घेतला तेवढ्याचेच पैसे देतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजारभाव पडला तर येतच नाही. त्याच्या जोरावर कोणीही वाहिनी बांधू शकत नाही. म्हणून एका युनिटमागे त्याने मोजलेली रक्कम तेवढीच किंवा अधिक असली, तरी जोखीम त्याने उचललेली नसते. आणि जागा कमी पडते तेव्हा क्रम लागतो तो या जोखमीचा.

यावर असा प्रतिवाद होतो की मग लहान उद्योगांनी काय करायचे, कारण आंतरराज्य ग्रिडला थेट जोडून घेणाऱ्या मोठ्या ग्राहकासाठी किमान ५० मेगावॅटची अट आहे आणि भोसरीतला फोर्जिंगचा कारखाना त्याच्या आसपासही नसतो. प्रतिवादात तथ्य आहे. अशा कारखान्याला व्यवहारात दोनच वाटा उरतात: राज्यांतर्गत प्रकल्पाशी करार करणे, अथवा बाहेरच्या विजेवर तात्पुरत्या हक्काने अवलंबून राहताना महावितरणकडची करार मागणी, म्हणजे तिच्याकडून घ्यायच्या विजेची करारात ठरलेली कमाल मर्यादा, पुरेशी ठेवणे. दुसऱ्या वाटेने जाणारे पुष्कळ जण स्थिर आकार वाचवण्यासाठी करार मागणी फार खाली आणतात, आणि कपातीच्या दिवशी ती वाचवलेली रक्कम एका पाळीतच निघून जाते.

एकाच वर्गातल्या दोन ग्राहकांपैकी आधी कोण?

कपात करताना कोणीच आधी नाही. एका वर्गातील, आणि पोटक्रम असेल तेथे एका पोटवर्गातील, सर्वांची वीज सारख्या प्रमाणात कमी केली जाते. १०० मेगावॅटवाल्याची १० कमी झाली, तर १० मेगावॅटवाल्याची १ होते.

आमच्या पवनचक्क्या सातारा जिल्ह्यात आहेत आणि कारखाना चाकणला आहे. आम्हाला जीएनए घ्यावा लागेल का?

नाही. दोन्ही टोके महाराष्ट्रातच असतील, तर व्यवहार राज्यांतर्गत ठरतो आणि त्याला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०१६चे मुक्त प्रवेश विनियम, त्यांतील पुढील सुधारणांसह, लागू होतात. वीज अतिउच्चदाबाच्या जाळ्यातून येत असेल, तर राज्य पारेषण यंत्रणा या नात्याने महापारेषणचा संबंध येतो. रोजचे वेळापत्रक आणि प्रत्यक्ष नियंत्रण ऐरोलीजवळच्या कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे असते. आणि कारखान्याची जोडणी महावितरणच्या क्षेत्रात असल्याने अर्जाचा प्रवास तिच्या कार्यालयातून होतो. वीज राज्याबाहेरून आणायची झाली, तर पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्राची पायरी वाढते आणि राज्य केंद्राची ना-हरकत आधी हातात असावी लागते.

वारंवार दिसणारी चूक अशी की ग्राहक प्रकल्पाच्या टोकाची जोडणी मिळाली म्हणजे वहनाचा हक्क मिळाला असे धरून चालतो. जोडणी म्हणजे ग्रिडला तार लावण्याची परवानगी. त्या तारेतून आलेली वीज चाकणपर्यंत नेण्याचा हक्क हा वेगळा अर्ज आहे.

हरित ऊर्जेसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२२ रोजी केलेल्या नियमांनी मुक्त प्रवेशाची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि अर्जावर १५ दिवसांत निर्णय न झाल्यास तो मंजूर समजावा अशी तरतूद केली. त्यामुळे आता लहान कारखाने, महाविद्यालये आणि रुग्णालयेही या रांगेत येऊ शकतात. मर्यादा खाली आली म्हणून वाहिनी मात्र रुंद झालेली नाही, हे ध्यानात असावे.

सौर आणि पवन ऊर्जेला ‘मस्ट रन’ दर्जा आहे. मग तिची कपात होते कशी?

‘मस्ट रन’ याचा अर्थ असा की वीज महाग आहे किंवा खरेदीदाराला दुसरीकडे स्वस्त मिळते, या कारणाने तिचे उत्पादन कमी करता येत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी हे स्पष्ट केले असून, व्यापारी कारणाने कपात केल्यास उत्पादकाला भरपाई द्यावी लागते. ग्रिडच्या सुरक्षिततेसाठी केलेली कपात त्या संरक्षणाबाहेर राहते. वाहिनीवर जागाच नसेल, तर सूर्यप्रकाशापासून आलेली वीज आणि कोळशापासून आलेली वीज यांत तारेला फरक कळत नाही.

२०२५ मध्ये राजस्थानात हे ठळकपणे दिसले. ज्या सौर प्रकल्पांसाठीच्या वाहिन्या पूर्ण झाल्या नव्हत्या आणि म्हणून जे तात्पुरत्या हक्कावर वीज पाठवीत होते, त्यांना भर दुपारी उत्पादन कमी करावे लागले; कायमचा हक्क असलेले त्याच भागातले प्रकल्प चालू राहिले. दोघांचाही दर्जा ‘मस्ट रन’च होता. फरक हक्काच्या प्रकारात होता. पुण्यातला एखादा खरेदीदार राजस्थानातल्या प्रकल्पाशी करार करीत असेल, तर पॅनेल कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा हा प्रश्न आधी विचारावा.

घरगुती ग्राहकाचा या रांगेत क्रमांक कितवा?

कोथरूडमधल्या सदनिकाधारकाला स्वतः रांगेत उभे राहावे लागत नाही. त्याच्या वतीने महावितरण उभी असते, आणि तिचे स्थान रांगेच्या पुढच्या भागात असते, कारण राज्याच्या जाळ्याची ती सर्वांत मोठी दीर्घकालीन वापरकर्ती आहे. राज्यातील पारेषणाचा एकूण खर्च महावितरण, मुंबईतल्या वितरण कंपन्या, रेल्वे आदी वापरकर्त्यांमध्ये त्यांच्या शिखर मागणीच्या प्रमाणात वाटला जातो, आणि महावितरणचा वाटा अखेर आपल्या बिलांतून वसूल होतो. म्हणजे रेल्वेच्या उदाहरणातल्या पासाचे पैसे घरगुती ग्राहक नकळत भरतच असतो.

भारनियमनातले गट हेही याच प्राधान्यक्रमाचे रूप आहे का?

नाही, आणि या दोहोंची गल्लत सर्वाधिक होते. पारेषणातला क्रम वाहिनीवर जागा नसते तेव्हा लागतो. भारनियमन बहुतांश वेळा वीजच पुरेशी नसते तेव्हा करावे लागते, आणि त्याचे निकष निराळे आहेत. महावितरणने फीडरांचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट केले ते त्या फीडरवरची वीजहानी आणि वसुली पाहून, जेथे गळती आणि थकबाकी कमी, तेथे भारनियमन कमी. येथे प्रामाणिक ग्राहकाला थोडेफार बक्षीस आहे. पारेषणाच्या रांगेत ते नाही.

पुणेकरांना या संदर्भात २००६ साल आठवत असेल. राज्यभर विजेचा मोठा तुटवडा असताना येथील उद्योगांनी आपल्याकडची डिझेलवर चालणारी जनित्रे शिखर मागणीच्या वेळी चालवून ग्रिडवरची आपली मागणी कमी करायची, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि जनित्रांच्या महागड्या विजेचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून वेगळ्या आकाराने वसूल करायचा, अशी योजना भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने आणि नियामक आयोगाच्या मान्यतेने राबवली गेली. ‘पुणे मॉडेल’ या नावाने ती देशभर चर्चिली गेली. पैसे देऊ शकणाऱ्या शहराने स्वतःला भारनियमनातून सोडवून घेतले आणि खेड्यांना अंधारात ठेवले, ही टीकाही तेव्हा झाली. उलट पक्षी, शहराने ग्रिडमधून इतरांच्या वाट्याची वीज ओढली नाही, आपल्याच हद्दीत निर्माण केली, हे उत्तरही दिले गेले. आम्हाला ते उत्तर पटते. आणि ती योजना चालू शकली त्याचे एक साधे तांत्रिक कारण फारसे सांगितले जात नाही: जनित्रे मागणीच्या ठिकाणीच असल्याने त्या विजेला दूरच्या वाहिनीवर जागा मागावीच लागली नाही.

जास्त पैसे मोजून क्रम पुढे सरकवता येतो का?

आपल्या वर्गाबाहेर जाता येत नाही. २००८च्या विनियमांत अल्प मुदतीच्या आगाऊ अर्जांपुरती, मागणी जागेपेक्षा जास्त झाल्यास, इलेक्ट्रॉनिक बोलीची तरतूद होती. तेथे चढी बोली लावणाऱ्याला जागा मिळे. एक्सचेंजवर ही बोली अप्रत्यक्ष असते: कॉरिडॉर अपुरा पडला की बाजाराचे विभाग पडतात, तुटवड्याच्या भागात दर वर जातो, आणि तो परवडणाऱ्यालाच वीज मिळते. परंतु कितीही चढी बोली लावली, तरी तात्पुरता ग्राहक जीएनएधारकाच्या पुढे जात नाही.

अमेरिकेत हीच समस्या कशी सोडवतात?

तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २४ एप्रिल १९९६ रोजी काढलेल्या ८८८ क्रमांकाच्या आदेशाने तारांच्या मालक कंपन्यांना आपल्या वाहिन्या इतरांसाठी समान अटींवर खुल्या करणे बंधनकारक केले. आपल्या २००३च्या अधिनियमातल्या मुक्त प्रवेशाशी त्याचे साम्य सहज दिसते. तेथे हक्काचे मुख्य प्रकार दोन, ‘फर्म’ म्हणजे पक्का आणि ‘नॉन-फर्म’ म्हणजे जागा उरली तरच मिळणारा. कपातीसाठी ० ते ७ असे क्रमांक आहेत: तासाच्या नॉन-फर्म सेवेपेक्षा दिवसाची, तिच्यापेक्षा आठवड्याची आणि तिच्यापेक्षा महिन्याची सेवा वरच्या क्रमांकावर, आणि सर्वांत वर, ७ क्रमांकावर, फर्म सेवा.

खरा वाद पेटला तो या सातव्या पायरीवर. कंपनीचे स्वतःचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थानिक ग्राहक आणि तिच्या तारांवरून वीज नेणारे परके फर्म ग्राहक यांची कपात सारख्याच प्रमाणात करावी, असे आयोगाचे म्हणणे होते. नॉर्दर्न स्टेट्स पॉवर या कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९९९ मध्ये आठव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. स्थानिक ग्राहकांच्या पुरवठ्याचा प्रश्न राज्याच्या अखत्यारीतला आहे आणि आयोगाला तेथे हात घालता येत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे हा वाद त्या स्वरूपात उद्भवत नाही, कारण महापारेषणला स्वतःचे ग्राहकच नाहीत. विभाजनाचा हा एक लाभ, महावितरणच्या बिलांबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी, मान्य करावा लागतो.

दुसरे प्रकरण २०११चे आहे. वायव्य भागातील बॉनव्हिल पॉवर प्रशासन या सरकारी वीजसंस्थेने नद्यांना भरपूर पाणी असताना जलविद्युत चालू ठेवून पवनऊर्जा कापली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आयोगाने ही वागणूक भेदभावाची ठरवली. ज्याच्या हाती तारा त्याच्याच हाती जनित्रे असली की संशयाला जागा राहते, ती अशी.

मोठा बिघाड झाला तर हा क्रम पाळला जातो का?

त्या क्षणी नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा–पडघे आणि पुणे–खारघर या ४०० केव्हीच्या वाहिन्या उपलब्ध नसल्याने मुंबईचा पुरवठा कोसळला आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटेच्या दाट धुक्यात लोणीकंद आणि चाकण येथील अतिउच्चदाब वाहिन्या ट्रिप होऊन पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक क्षेत्र यांचा पुरवठा खंडित झाला. अशा वेळी संरक्षक रिले, म्हणजे बिघाड जाणवताच वाहिनी आपोआप तोडणारी उपकरणे, काही क्षणांत निर्णय घेतात, आणि त्यांना कोणाचा करार किती वर्षांचा आहे हे माहीत नसते. वारंवारता ठरलेल्या पातळीखाली घसरली की आधीच निवडून ठेवलेले फीडर आपोआप बंद होतात.

पुरवठा परत आणताना पुन्हा क्रम येतो, पण तो वेगळा असतो. बंद पडलेल्या उत्पादन केंद्रांना सुरू होण्यासाठी लागणारी वीज सर्वांत आधी, मग रेल्वे, रुग्णालये आणि पाणीपुरवठा यांसारख्या निकडीच्या सेवा. व्यापारी वेळापत्रक ग्रिड सावरल्यानंतर सुरू होते.

करारावर सही करण्यापूर्वी काय तपासावे?

विक्रेत्याच्या पत्रात ‘मुक्त प्रवेश मंजूर’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणत्या प्रकारचा, किती मेगावॅटचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, हे लेखी मागावे. हक्क एखाद्या नियोजित वाहिनीवर अवलंबून असेल, तर ती वाहिनी आज कोणत्या टप्प्यावर आहे आणि ती होईपर्यंत वीज कोणत्या हक्काने येणार, हेही विचारावे. पारेषणाच्या कारणाने कपात झाली, तर विजेच्या किमतीचा बोजा कोणी सोसायचा, याचे कलम करारात असलेच पाहिजे. ते नसेल तर वाद ठरलेलाच. दर पाहताना पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली वीजहानी, आणि बाहेरून वीज घेतल्याबद्दल लागणारे क्रॉस सबसिडी अधिभार व अतिरिक्त अधिभार हे सगळे मिळवून पाहावे. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण आकारात पूर्ण सूट होती. त्यानंतरच्या प्रकल्पांसाठी ती टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. त्यामुळे मागच्या वर्षी शेजारच्या कारखान्याला मिळालेला दर आपल्यालाही मिळेल असे धरू नये.

आमची कपात अन्यायाने झाली असे वाटल्यास काय करावे?

राज्यांतर्गत प्रकरण असेल तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे, आंतरराज्य असेल तर केंद्रीय आयोगाकडे दाद मागता येते, आणि त्यावर विद्युत अपील न्यायाधिकरण आहे. त्या टाइम ब्लॉकचे मंजूर वेळापत्रक, सुधारित वेळापत्रक आणि कपातीचे दिलेले कारण या तीन गोष्टी त्याच दिवशी उतरवून ठेवाव्यात. आपल्याच वर्गातल्या इतरांची कपात त्याच प्रमाणात झाली का, हा पहिला मुद्दा. आपल्या खालच्या वर्गातले व्यवहार त्या वेळी चालू होते का, हा दुसरा. या दोन मुद्द्यांवर हाती आकडे असतील, तर अर्जाला वजन येते.

भार प्रेषण केंद्राची सूचना चुकीची वाटली, तरी ती आधी पाळावी लागते. अधिनियमाच्या ३३व्या कलमानुसार वाद आयोगापुढे नेता येतो, परंतु त्याचा निर्णय होईपर्यंत केंद्राचे निर्देश मानणे परवानाधारक आणि उत्पादक कंपनी यांच्यावर बंधनकारक आहे.